मधली चित्रं

माझा डावा हात काचेच्या कडेशी काहीतरी चाचपत होता, हे मला त्या दुकानातल्या मुलीनं विचारल्यावर कळलं. "काही पडलं का मॅडम?" असं म्हणून ती वाकून टेबलाखाली बघायलाही लागली. मी हात मागे घेतला. पडलं काहीच नव्हतं. उजव्या हातात पेन होतं, चित्रं काढायच्या त्या मोठ्या, पडद्याच्या टॅबलेटवर मनगट टेकलेलं होतं, आणि डाव्या हाताची बोटं आपली आपणच फाकून, कागदांच्या कडा शोधत काचेखाली शिरायला बघत होती. तिथं कागद नव्हते. मागची कितीतरी वर्षं कुठंच नव्हते. पण हाताला हे कुणी कळवलंच नव्हतं. "नाही, काही नाही," मी म्हणाले आणि उगाच पेनाचं टोक निरखत बसले. ती मुलगी हसली. तिला वाटलं असेल, बाईंना पेन कसं धरायचं ते कळत नाहीये. खरं तर त्या घटकेला मला एकच गोष्ट कळत होती: काच कोमट होती. पडद्याच्या उजेडानं तापलेली, मनगटाखाली, नाडी असते नेमकी तिथं. ती ऊब माझ्या ओळखीची होती. एखाद्या परक्या घरात शिरावं आणि कपाटातून आपल्याच जुन्या शालीचा वास यावा, तसं झालं मला. मी मनगट उचललं नाही. ती मुलगी पडद्याचा आकार, रंगांची अचूकता असं काय काय सांगत होती. मी मान हलवत होते आणि मनगट शेकत होते.

माझी लेक भिंगरी, ती व्हायच्या आधी मी एका कार्टूनच्या स्टुडिओत मधली चित्रं काढायचे. बाहेर कुणाला सांगितलं की हसायचे लोक; म्हणजे काय, मधली? म्हणजे असं की एखाद्या माणसानं टेबलावरचा पेला उचलायचा असेल, तर हात टेबलावर असतानाचं पहिलं चित्र आणि पेला ओठाशी आल्याचं शेवटचं चित्र, ही दोन आमचे मोठे काढायचे. बाकी पेला टेबलावरून ओठापर्यंत पोचवायचा, तो आम्ही. 'मोठे' म्हणजे आमचे मुख्य चित्रकार. उंचीनं माझ्या खांद्याला लागायचे, पण मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मोठेच म्हणायचे, आणि आम्हा मुलींना मधल्या. प्रत्येकीचं एक तिरकं टेबल, त्यात दुधी काच, काचेखाली दिवा. तीन भोकं पाडलेले कागद खालच्या खुंट्यांवर अडकवायचे, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं तसूभर हलत नाहीत, आणि खालच्या उजेडानं मागचं चित्र पुढच्यातून दिसत राहतं. आणि मग डाव्या हाताचं काम. एकेका बोटाच्या फटीत एकेक कागद धरायचा आणि ते मागेपुढे, मागेपुढे सोडायचे. पापण्या मिटाव्यात तसे कागद मिटायचे, उघडायचे, आणि पेला उचलला जायचा. दर वेळी. मी हजार वेळा केलं असेल, पण दर वेळी तेच वाटायचं: नव्हतं ते हललं, मेलेलं होतं ते उठलं. मोठे मागून येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. "दिसलं," एवढंच म्हणायचे. म्हणजे खोडा. मधलं चित्र दिसलं की चुकलं, हा त्यांचा नियम. आपला हात कळता कामा नये. सगळं कसं एकट्या मोठ्यांनीच काढल्यासारखं वाटलं पाहिजे. मला ते फार जमायचं. इतकं, की मोठ्यांनी एकदा माझं चित्र स्वतःचं समजून त्यावर सही केली. शेजारच्या टेबलावरची टाचणी, अंगानं तशी आणि बोलणंही तसंच, मला चिमटा काढून म्हणाली, "अभिनंदन! तू अधिकृतपणे नाहीशी झालीस." मी तेव्हा खूश झाले होते. आणि थंडीत आमचे हात कधी गार पडायचे नाहीत. काचेखालचा दिवा दिवसभर मनगटं शेकत राहायचा. जेवणाच्या सुट्टीत टाचणी तर काचेवर गाल ठेवून झोपायची. उठली की गालावर खुंट्यांचे तीन वळ.

तीच टाचणी परवा फोनवर होती. मी भिंगरीचे दूध सांडलेले कपडे धूत होते, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. "अगं कागद गेले, टेबलं गेली, मोठेही गेले," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून साबण निसटला. "म्हणजे रिटायर झाले गं, लगेच सुतकी चेहरा नको करूस, मला दिसतोय इथून. ऐक. मी माझं स्वतःचं सुरू केलंय. सगळं आता टॅबलेटवर. घरून करायचं, पोरगी सांभाळून करायचं. पण आधी नमुना पाठव एक. एक माणूस खोलीत येतो आणि बसतो. बस्स."

"मधली किती काढायची?"

"मधली काय मधली! सगळंच तू काढ. पहिलंही तूच, शेवटचंही तूच. इथं मोठे नाहीयेत कुणी."

"माणूस कोण पण?"

"कुणीही. चेहरा नको काढूस, नुसत्या रेघा असू देत. पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हे अमकं माणूस आहे. बसण्यावरून. शुक्रवारपर्यंत दे हं, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. आणि रडू नकोस."

"साबण गेला डोळ्यात," मी म्हणाले. तसा तो गेलाही होता.

तेव्हापासून आमच्या घरात टॅबलेट हा विषय झाला. नवऱ्याला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की स्फुरण चढतं. खरेदीपेक्षा त्याला तिच्याबद्दल वाचायला आवडतं. जेवताना तो फोनवरून मोठ्यानं वाचायचा: या पेनाला दाबाच्या आठ हजार पातळ्या आहेत, जितकं दाबाल तितकी रेघ जाड. "तुला कशाला लागतात एवढ्या?" तो म्हणाला. "तुझ्याकडं मुळात दोनच आहेत. एक गप्प बसणं आणि एक भांडी आपटणं." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या; मीही हसले, पण उठून ताट ठेवताना उगाच जपून ठेवलं. पडद्याचा, कोमट काचेचा जो होता तो आमच्या हिशेबात बसणारा नव्हता, हे दुकानात जायच्या आधीच ठरलेलं होतं. तो मी बघायला गेले ते नुसतंच बघायला, म्हणून तर हात असा बेसावध सापडला. राहिले दोन. एक साधा, सगळे वापरतात तसला टॅबलेट, त्याला वेगळं पेन घ्यायचं. दुसरी नुसती काळी पाटी. हिच्यात काहीच दिसत नाही. ती वायरनं लॅपटॉपला जोडायची, पेन फिरवायचं पाटीवर आणि रेघ उमटते ती समोर लॅपटॉपच्या पडद्यावर. सासूबाईंना हे समजावताना नवऱ्याला घाम फुटला. "म्हणजे पाटीवर लिहायचं," त्या म्हणाल्या, "आणि ते दिसणार तिसरीकडंच? मग पाटी कशाला? हवेत लिही म्हणावं, पैसे वाचतील." नवरा म्हणाला, "बघ, आईलाही पटतंय. साधा टॅबलेटच घे. घरात सगळ्यांना उपयोगी पडेल." वाईट नव्हता तो बोलत. त्याचा स्वभावच असा, एका दगडात किती पक्षी येतात ते मोजणारा. पण 'सगळ्यांना' हा शब्द माझ्या कानात अडकून बसला. मला दिसायला लागलं: सकाळी भिंगरीला दूध प्यायला त्यावर हत्ती नाचवावा लागणार, दुपारी सासूबाई त्यावर नणंदेचं तोंड बघणार, संध्याकाळी हा मॅच लावणार, आणि मी पेन हातात घेऊन दारात उभी, काय, झालं का तुमचं, म्हणत. गप्प बसणं आणि भांडी आपटणं यांच्यामध्ये खूप पातळ्या आहेत. त्या त्याला आठ वर्षांत मोजता आलेल्या नाहीत.

दुकानातल्या मुलीनं मला दुसऱ्या टेबलाशी नेलं. "ही पाटी बघा, नवशिक्यांना बरी," ती म्हणाली. तिनं खुर्ची पुढं ओढली. मी खुर्चीच्या पाठीला हात लावला, बैठकीवरून तळवा फिरवला आणि बसले. "स्वच्छ आहे मॅडम, आत्ताच पुसलीय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "मागं टेका की नीट. घाईत आहात का?" घाईत नव्हते. भिंगरी सासूबाईंजवळ होती आणि मला आख्खा तास मिळाला होता. मी पेन टेकवलं. गार. शाळेतल्या फळ्यासारखी गार, मुकी वस्तू. मी एक वर्तुळ काढलं आणि समोर पडद्यावर बघितलं तर तिथं कुणीतरी बटाटा काढून ठेवला होता. पुन्हा काढलं. हाताकडं बघावं तर चित्र दिसत नाही, चित्राकडं बघावं तर हात आपला राहत नाही. जणू दोन बायका: एक काढतेय आणि दुसरी लांबून बघतेय, आणि दोघींची धड ओळखही नाही. "हाताकडं नका बघू," ती मुलगी म्हणाली. "सुरुवातीला सगळे हाताकडंच बघतात. समोर बघायचं. हात येतो आपोआप मागून." मी समोर बघितलं. त्या पांढऱ्या पडद्यावर माझी बटाट्याची वेल पसरत होती. मला एकदम त्या कोमट काचेकडं परत जावंसं वाटलं. नुसतं मनगट टेकवून बसावं, काही काढू नये. आपण कुठल्या गोष्टीसाठी झुरतोय हे माणसाला कळतं तरी का? मला टॅबलेट हवा होता का, चित्रं हवी होती, का ती दिव्यानं शेकलेली मनगटं, टाचणीच्या गालावरचे वळ, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दार उघडणारी माझी आई?

कारण माणूस खोलीत येतो आणि बसतो, असं टाचणी म्हणाली त्या क्षणी खोलीत कोण आलं होतं हे मला माहीत होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. माझी आई एका दाताच्या डॉक्टरांकडं कामाला होती. बाहेरच्या टेबलाशी बसायचं, आलेल्याचं नाव लिहून घ्यायचं, गाल धरून बसलेल्यांना धीर द्यायचा, आतून हाक आली की उठायचं. दाराला वरती घंटी होती. दार उघडलं की ती किणकिणायची, आणि ती किणकिणली की आई उभी. शाळा सुटली की मी तिथंच जायचे, कोपऱ्यातल्या बाकावर बसून सुजलेल्या गालांची चित्रं काढायचे. "हे कोण गं?" आई हळूच विचारायची. "मगाचचे काका? का त्यांचा गाल नुसताच आलाय?" आणि तळहातामागं हसायची, कारण खोलीत ज्याचं दुखत असेल त्याला कुणाचं हसणं दिसू नये असा तिचा नेम होता. या नोकरीनं तिचं बसणं घडवलं. ती घरात यायची, खुर्चीच्या पाठीला हात लावायची, परवानगी मागितल्यासारखी. मग बैठकीवरून तळवा फिरवायची, काही नसलं तरी. मग बसायची, पण अर्धीच, कडेवर, आणि उजव्या पायाची टाच उचललेली राहायची. घरात घंटी नव्हती. तरी टाच वर. "नीट बस की गं," मी म्हणायचे. "बसलेच आहे की," ती म्हणायची, आणि तेवढ्यात उठायची, कारण काहीतरी आठवलेलं असायचं. ती गेली तेव्हा भिंगरी माझ्या पोटात होती. आम्ही मागाहून फोटो शोधले तर सगळे उभ्याचे. लग्नातला उभ्याचा; दवाखान्यातला सगळ्यांबरोबरचा, तिथंही ही कडेला उभी; कुठल्याशा बागेत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी. सगळे बसून फोटो काढायचे, ही म्हणायची, "बसते रे मी, तुम्ही घ्या." आणि एक शेवटचा, पलंगावर आडवी. उभी आणि आडवी. मोठ्यांनी पहिलं चित्र काढलं, शेवटचं चित्र काढलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले, असंच वाटत राहतं मला. तिच्या मधलं काहीच कुठं उरलेलं नाही. माझ्या डोळ्यांत आहे, पण डोळ्यांतलं विरत जातं. परवा मला आठवेना, तळवा आधी फिरवायची का खुर्चीला हात आधी लावायची. न्हाणीघरात उभी राहून मी ते आठवत होते आणि बाहेरून भिंगरी दार वाजवत होती.

"कुठली देऊ मॅडम?" त्या मुलीनं विचारलं.

"ही काळी," मी म्हणाले.

"साध्या टॅबलेटवर पिक्चरही बघता येतात," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "हिच्यात तसं काहीच दिसत नाही हं. नंतर म्हणाल."

"म्हणूनच द्या," मी म्हणाले. तिला ते कळलं नाही, आणि मलाही बोलून गेल्यावर कळलं. हिच्यात काही दिसत नाही. म्हणजे ही कुणी माझ्याकडं मागणार नाही. हत्ती नाचणार नाहीत, नणंद दिसणार नाही, मॅच लागणार नाही. घरात जी वस्तू कुणाच्याच उपयोगाची नसते ती बाईची होऊ शकते. पिशवी छातीशी धरून घरी येताना मला उगाच चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि परवडलं म्हणून नव्हे, तर ही माझी म्हणून पावलं हलकी पडत होती. घरी नवऱ्यानं खोका उलटासुलटा करून बघितला. "घेतलीस ना पाटीच," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बरं. लॅपटॉप दुपारी तुझा. मी फोनवर भागवतो." मग जरा थांबून, "मेल आली मोठी तर मात्र ओरडेन हं." त्याच्याही पातळ्या असतात, मीच मोजत नाही.

भिंगरी दुपारी झोपते तेवढाच माझा वेळ. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नाही. जागी असली की ती स्वतःभोवती फिरते, भोवळ येऊन पडते, हसते आणि पुन्हा फिरते. झोपली की अशी झोपते, की कुणी दोरी ओढून घेतलीय. पहिल्या दुपारी मी बटाटे काढले. दुसऱ्या दुपारी बटाट्यांना हातपाय फुटले. पेन त्या गुळगुळीत पाटीवरून असं घसरायचं, की बर्फावरून चालल्यासारखं. रेघेला कुठं पाय रोवायला जागाच नाही. मला खरखर हवी होती, शिसपेन्सिल कागदावर चालताना येते ती, ज्या आवाजावरून मोठ्यांना लांबूनच कळायचं की कुणाचा हात अडखळतोय. मी हताश होऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, मांडणीवरून पेला काढला, आणि पेल्याखाली मला तीन भोकं दिसली. सासूबाई तिथं मटार सोलत बसल्या होत्या. "अहो आई, हे कागद..." मी म्हणाले. "तुझेच की," त्या म्हणाल्या. "माळ्यावर गठ्ठा पडला होता. कोरे होते म्हणून अंथरले. बाजारातल्यापेक्षा बरे आहेत, डाग धरत नाहीत." त्या माझ्याकडं बघत बोलत होत्या, बोटं मटार सोलत होती. एकदाही खाली बघितलं नव्हतं त्यांनी. मी तशीच उभी राहिले. मला काहीतरी आठवायला लागलं होतं: भिंगरी तान्ही असताना मी तिला थोपटत राहायचे आणि कान मात्र कुकरकडं लावलेला असायचा, तिचा लंगोट चाचपून बांधायचे आणि डोळे दारावर, माझा हात एकीकडं आणि मी दुसरीकडं, वर्षानुवर्षं. ही पाटी मला काही नवं सांगत नव्हती. "एक कागद घेऊ का?" मी विचारलं. "घे की," त्या म्हणाल्या. "पण त्या जागी दुसरा घाल. आणि जा, तिकडं बस जा. ही उठली तर मी आहे."

तो कागद मी पाटीवर ठेवला. पातळ होता; पेनाला मधे कागद असल्याचं कळतही नव्हतं. चारी कोपरे चिकटपट्टीनं बसवले, भोकं खालच्या बाजूला, सवयीनं. पेन टेकवलं आणि ओढलं. खर्र. खोलीत तो आवाज झाला आणि माझ्या मानेवर काटा आला. मोठे मागं उभे असल्यासारखं वाटलं, हात मागे बांधून. मी समोर पडद्याकडं बघितलं आणि हाताला जाऊ दिलं. हाताला सवय होती एकटं राहायची; तो गेला. एक बाई उभी राहिली. चेहरा नाही, केस नाहीत, नुसता कणा आणि खांदे, किंचित पुढं झुकलेले. मग पुढचं चित्र. पडद्यावर मागचं खालून फिकं दिसत होतं, दुधी काचेतून दिसायचं तसं. मग पुढचं. डाव्या हाताची बोटं अधूनमधून फाकायची आणि मी त्यांना बाण असलेल्या बटणांवर नेऊन ठेवायचे, चुकलेल्या मुलाला घरी आणून सोडावं तसं: हं, इथं. इथं दाबलं की चित्रं मागंपुढं होतात. हलू लागली बाई. आत आली. खुर्चीच्या पाठीला हात लावला तिनं. आधी हात, मग तळवा. हात आपोआप त्या क्रमानं गेला, आणि न्हाणीघरात उभी राहून मी जे शोधत होते ते असं कागदाखालून निघालं. मी रडले नाही. रडले असते तर पडदा दिसला नसता. बाईनं बैठकीवरून तळवा फिरवला. बाई कडेवर बसली. उजवी टाच वर. मग मी बटण दाबून धरलं आणि ती येत राहिली, बसत राहिली, येत राहिली, बसत राहिली. कुठलीही घंटी न वाजता.

"कोण काढतंय?" मागून आवाज आला. भिंगरी उठून आली होती, एका गालावर उशीची घडी, हातात फरपटत आणलेलं पांघरूण. तिनं पडद्याकडं बघितलं, मग वाकून लॅपटॉपच्या मागं जाऊन बघितलं, आतून कोण रेघा मारतंय ते. तिथं कुणी नव्हतं. मग तिला माझा हात दिसला, पेन दिसलं. "तू?" ती म्हणाली. मी मान हलवली. तिला मांडीवर घेतलं आणि दाखवलं. बाई आत आली, हात लावला, तळवा फिरवला, बसली. भिंगरीनं श्वास रोखून बघितलं आणि मग माझ्याकडं वळून हसली, ओळखीचं कुणी रस्त्यात भेटावं तशी.

"ही तू," ती म्हणाली.

"नाही गं राणी. ही आजी. तू नाही बघितलेली तिला. माझी आई ती."

"नाही," भिंगरी म्हणाली. ती भांडखोर नाही, पण बरोबर असली की ठाम असते. "ही तूच आहेस. तू अश्शीच बसतेस." आणि मांडीवरून घसरून ती खाली उतरली, समोरच्या खुर्चीपाशी गेली, माझ्याकडं बघून खात्री केली की मी बघतेय, आणि मग करून दाखवलं. खुर्चीच्या पाठीला हात लावला. एवढासा तळवा बैठकीवरून फिरवला, अगदी मन लावून. वर चढून कडेवर बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते तरी उजव्या पायाची टाच ताणून वर धरली. "अश्शी," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. माझ्याच पायाकडं. टाच वर होती. पिंढरीला रग लागलेली होती, किती वेळची कोण जाणे, किती वर्षांची. दुकानातली ती मुलगी आठवली, स्वच्छ आहे मॅडम, मागं टेका की. मी जिला शोधत होते, आधी काय आणि मग काय हे ज्याच्या त्याच्या फोटोत, डोक्याच्या कानाकोपऱ्यात हुडकत होते, ती या घरात रोज येत होती, रोज बसत होती, आणि बघायला होती फक्त ही एक, खालच्या उंचीवरून. समोर माझी लेक तशीच बसलेली, कुठली घंटी तिला माहीत नाही, कुठला दवाखाना माहीत नाही, आणि टाच वर.

"मागं सरक," मी शेवटी म्हणाले. "मागं सरकून बस बघू. नीट टेकून."

तिनं विचार केला. "तू पण," ती म्हणाली.

मी मागं सरकले. खुर्चीची पाठ पाठीला लागली. तिथं ती होती हेच मला माहीत नव्हतं. टाच हळूहळू खाली गेली आणि जमिनीला लागली, गार फरशीला, आणि पिंढरीतलं काहीतरी सुटलं. समोर भिंगरीही सरकली, पार मागं, तिचे पाय आता नुसतेच पुढं आलेले, खेळण्यातल्या बाहुलीसारखे. आम्ही दोघी तशा बसून राहिलो जरा वेळ. स्वयंपाकघरात मटारांचं भांडं वाजलं. पडद्यावर आई कडेवर बसलेली होती, टाच वर, तयारीत. तेच शेवटचं चित्र असं मी धरून चालले होते. पण पुढचा कागद कोरा होता, आणि शेवटचं चित्र कुठलं ते ठरवणारे मोठे इथं कुणी नव्हते. मी पेन उचललं. हाताकडं बघितलं नाही. कागद खरखरला, एकदा, मग आणखी एकदा. खांदे जरा मागं गेले, कणा टेकला, आणि सगळ्यात शेवटी, एका छोट्या रेघेनं, मी तिची टाच खाली ठेवली.

बस गं आता. कुणी येत नाहीये.

"परत," भिंगरी म्हणाली.

मी बटण दाबलं, आणि दार नसलेल्या त्या पांढऱ्या खोलीत आई पुन्हा आत आली.